तेरवीचा पहिला घास

दगडोबा गेले तेव्हा गावानं त्यांच्यासाठी रडायचं तेवढं रडून घेतलं आणि उरलेलं त्यांच्या मुलाकडे बघून रडलं. दयानंद नांदेडहून मोटारसायकलवर आला, ओसरीवर चढला, आणि त्याला बघताच बायकांनी पुन्हा पदर तोंडाला लावले. गाल आत गेलेले, डोळे खोल, मानेच्या शिरा वर आलेल्या, शर्ट पोटावर रिकामा लोंबतोय. दिवाळीत हाच पोरगा चांगला एकोणऐंशी किलोचा होता. शेजारची लक्ष्मम्मा देगलूरकडून या गावात नांदायला आली त्याला पन्नास वर्षं झाली होती. तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला आणि निकाल देऊन टाकला, "बापाचं लई लागलं लेकराला."

दगडोबा सकाळी कंधारच्या बसस्टँडवर बाकावर बसले ते उठलेच नाहीत, त्याला जेमतेम पाच तास झाले होते. पाच तासांत माणूस बारा किलो वाळत नाही. पण मर्तिकाच्या घरात असला विचार कोण करत बसतो? कुणीतरी म्हणालं, दगडोबा दोन महिन्यांपासून छातीत दुखतंय म्हणत होते, पोरानं त्याचाच घोर घेतला असणार. झालं, सगळ्यांना पटलं.

छातीत दुखण्याचं आईनं दयानंदला फोनवर सांगितलं होतं, नाही असं नाही. तेव्हा तो जिममध्ये पायांचा व्यायाम करत होता. डॉक्टरला दाखवा म्हणाला, फोन बाकड्यावर ठेवला आणि पुढचा सेट मारला. नंतर ते त्याच्या डोक्यातून गेलं.

खरी गोष्ट अशी होती की नांदेडला यासेरभाईंच्या जिममध्ये ट्रेनर म्हणून काम करणारा दयानंद आयुष्यातल्या पहिल्या शरीरसौष्ठव स्पर्धेला उतरणार होता. स्पर्धा लातूरला, पासष्ट किलोचा गट, तयारी चौदा आठवड्यांची. त्यातले बारा आठवडे झाले होते. बारा आठवडे भात नाही, भाकरी नाही, साखर नाही, तेलाचा थेंब नाही. उकडलेल्या अंड्यांचा पांढरा भाग, उकडलेलं चिकन, काकडी, आणि दिवसातून दोनदा व्यायाम. घरी यातलं काही माहीत नव्हतं. वर्षभरापूर्वी दगडोबा नांदेडला आले होते तेव्हा जिमच्या भिंतीवर चड्डीतला, अंगाला तेल चोपडलेला मुलगा त्यांनी फोटोत पाहिला होता. ते ओरडले नाहीत. "गावात कुनाला दावू नको हे," एवढंच म्हणाले आणि चहा न घेता बस धरायला गेले. तेव्हापासून बापलेक फोनवर पाऊस-पाण्याचं बोलायचे आणि फोन आईकडे द्यायचे.

लक्ष्मम्माचा हात गालावर होता तेव्हाच "नाही आजी, मी स्पर्धेसाठी उतरलोय" म्हणून टाकलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण अंगणात वडील झाकून ठेवलेले, तिथं चड्डीतल्या स्पर्धेचं नाव कुठं काढणार? तो गप्प राहिला. या घरातली सगळी माणसं नको तिथं गप्प राहण्यात पटाईत होती, त्यानं तेवढं मात्र बापाकडून नीट उचललं होतं.

त्यानं अग्नी दिला. मडकं खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या. आता आतून काहीतरी येईल म्हणून तो वाट बघत उभा राहिला आणि काही आलं नाही. ना हुंदका, ना पाणी. सांगायला लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण खरी आहे: त्याला तेव्हा फक्त भूक लागली होती. बारा आठवड्यांची भूक. अंग थंड, डोकं पोकळ, आणि त्या पोकळीत एकच गोष्ट स्पष्ट, की दुपारच्या सहा अंड्यांची वेळ टळून गेली.

त्यांच्याकडे मर्तिकाच्या घरात चूल पेटत नाही. भावकीतून पिठलं-भाकरी येते, त्याला कडू घास म्हणतात, आणि घरच्यांनी तो खायचाच असतो. थोरल्या चुलत्यांनी दयानंदच्या हातात ताट दिलं. पिठल्यात मीठ होतं, तेल होतं, भाकरी तर तीन महिन्यांत त्यानं बघितली नव्हती. त्या वासानं त्याच्या जबड्यात कळ आली. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात फिरवला, परत ठेवला. पुन्हा मोडला, पुन्हा ठेवला. समोर बसलेले चुलते धोतरानं डोळे पुसायला लागले. घास उतरत नाही म्हणाले बिचाऱ्याच्या गळ्याखाली, नका आग्रह करू.

आई भिंतीला टेकून हे बघत होती. सिंधुबाईंचं आयुष्य या दोन पुरुषांच्या मधल्या भिंतीला कान लावण्यात गेलं होतं. बापलेकाचं पटत नाही, पोरगं बापाला विचारत नाही, हे तिनं गावाच्या तोंडून पुष्कळ ऐकलं होतं. आता भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती हळूच मुलाकडे बोट दाखवून सांगायची, बघा, लोक काय काय म्हणत होते, आणि हा अन्नाला शिवंना झालाय. सांगताना तिच्या चेहऱ्यावर दुःखाच्या जोडीला आणखी काहीतरी असायचं. तिला नवरा गेल्यावर हा एकच आधार सापडला होता आणि ती त्याला घट्ट धरून होती.

दयानंदला ते दिसत होतं. दिसत होतं म्हणजे डोळ्यांना. आत काही पोचत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी राख सावडल्यावर यासेरभाई भेटायला आले. जिमचे मालक, आणि दयानंदचे उस्तादही तेच. स्वतः दोनदा विभागाच्या स्पर्धेत नंबर काढलेला माणूस. ओसरीवर मान खाली घालून बसले, आईला सलाम केला, आणि निघताना दयानंदला गाडीपाशी नेऊन म्हणाले, या वर्षी राहू दे, स्पर्धा दरवर्षी असते, बाप एकदाच जातो. दयानंदनं नाही म्हटलं. यासेरभाईंना वाटलं जिद्द आहे. जिद्द कसली? यासेरभाईंनी लिहून दिलेला तो कागद, किती वाजता काय खायचं, किती पाणी, किती चालायचं, एवढाच त्याला धरून होता. कागद फाडला तर ओसरीवर बसून बाप मेला या गोष्टीकडे बघत राहावं लागलं असतं, आणि तिथं बघायला गेलं की काहीच दिसत नाही, याची त्याला भीती वाटायला लागली होती.

मग सुतकातले दिवस त्यानं असे काढले. सकाळी मृत्यूच्या दाखल्याचं निमित्त करून कंधारला जायचं, स्टँडजवळच्या गाड्यावरून बारा उकडलेली अंडी घ्यायची, आणि परतताना रानात मोटारीच्या खोलीमागं बसून खायची. पिवळा बलक बांधावर कुत्र्याला. सुतकात घरात फोडणीसुद्धा नाही, आणि अग्नी दिलेला मुलगा बापाच्याच हरभऱ्यात बसून अंडी सोलतोय. मग तिथंच शर्ट काढून तो पोझ द्यायचा. समोरून दोन्ही दंड, बाजूनं छाती, पाठ फुगवून. बघायला हरभरा आणि एक कुत्रं. घाम आला की हौदावर तोंड धुऊन घरी यायचं आणि पुढं आलेल्या ताटात भाकरी मोडत बसायचं. लाज वाटायला हवी होती. ती कुठंतरी दूर, दुसऱ्याच्या घरात भांडं पडावं तशी ऐकू यायची.

दहाव्याला मन्याडच्या काठावर न्हाव्यानं त्याचं डोकं भादरलं, मिशी काढली. केस गेल्यावर चेहरा आणखीच कवटीसारखा दिसायला लागला. त्या संध्याकाळी बहिणीनं त्याला गोठ्याकडं बोलावलं. दीपमाला हदगावला दिलेली, तोंडानं फटकळ, पण घरातलं सगळं तिच्याच ध्यानात यायचं. ती म्हणाली, "तू जेवत न्हाईस म्हनून आईबी जेवून नाही राहिली. दहा दिस झाले, चहावर हाय. काल न्हाणीत चक्कर आली तिला. तू तिच्यासमोर दोन घास खा, म्हंजी ती खाईल."

खातो म्हणाला. तेरवीला गोडजेवण आहे, तेव्हा खातो. दीपमालानं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. दंडाकडे बघितलं, गालाकडे बघितलं.

तेरवी शुक्रवारी होती आणि स्पर्धा रविवारी. कागदावर शुक्रवारच्या पुढं यासेरभाईंनी लाल शाईनं लिहिलं होतं: मीठ बंद, संध्याकाळपासून पाणी फक्त घोट घोट. शेवटच्या दोन दिवसांत कातडीखालचं पाणी जाऊ द्यायचं असतं, तेव्हा कुठं स्नायूवरची रेघ न् रेघ दिसते. त्यात एक खारट जेवण झालं की कातडी पाणी धरते आणि चौदा आठवडे मातीत जातात. आणि त्यांच्या भावकीत तेरवीची रीत अशी की ज्यानं अग्नी दिला त्यानं पहिला घास घ्यायचा. तो घास घेईपर्यंत पंगतीत कुणी अन्नाला हात लावत नाही. त्यानं घेतला की सुतक सुटलं, घर पुन्हा जेवायला मोकळं.

मांडवात दीडशे माणूस बसलं होतं. पुरी, वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. मामानं नव्या टॉवेल-टोपीचा आहेर केला, टोपी त्याच्या भादरलेल्या डोक्यावर ठेवली. दीडशे माणसं पुरीकडं बघत दयानंदची वाट बघायला लागली. आई दारात उभी होती, चौकटीला धरून, आणि ती मात्र पुरीकडं बघत नव्हती.

त्यानं घास घेतला. पुरीत वरण, वरणात मीठ. जिभेला मीठ लागताच त्याच्या डोळ्यांसमोर अंधारी आली इतकं ते चांगलं लागलं. दुसरा घेतला. तिसरा घेतला. पंगत सुरू झाली, बुंदी फिरायला लागली. आणि दयानंद उठला, घराच्या मागं गेला, निंबाला हात टेकला आणि दोन बोटं घशात घातली.

तो ओकत होता तेव्हा मागून पाण्याचा तांब्या घेऊन आई आली. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पाठीत इतकी हाडं आणि इतके कठीण गोळे, तिचा हात त्यावरून घसरत होता. "ऱ्हाऊ दे बाबा," ती म्हणाली. "नको खाऊ. नाही सोसत तर नको. मी सांगते समद्यास्नी."

त्याला सांगता आलं असतं. दुसऱ्यांदा वेळ आली होती आणि ती पहिलीपेक्षा सोपी होती, कारण इथं दोघंच होते. त्यानं चूळ भरली, तोंडातलं पाणी न गिळता थुंकलं, आणि तांब्या परत दिला. आई आत गेली. दीपमालानं तिच्यासाठी वाढलेलं ताट तिनं हातानं बाजूला सारलं, हे त्यानं खिडकीतून पाहिलं. त्याला काही वाटलं नाही. काही वाटत नाही एवढंच वाटलं.

शनिवारी नांदेडला काम आहे म्हणून तो निघाला आणि रविवारी यासेरभाईंच्या गाडीतून लातूरला पोचला. स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. स्टेजवर आदल्या दिवशीच्या लग्नाची फुलं तशीच होती, फक्त नवरा-नवरीची खुर्ची हलवून मागं बॅनर लावलं होतं. वजन भरलं चौसष्ट किलो सातशे. यासेरभाईंनी स्पंजानं त्याच्या अंगाला तपकिरी रंग फासला, तळपायापासून भादरलेल्या डोक्यापर्यंत. बाकीची पोरं आरशापुढं दंड फुगवत होती, एकमेकांना चिमटे काढत होती. त्याच्या डोक्याकडे बघून एकानं ही नवीन स्टाइल का म्हणून विचारलं. यासेरभाईंनी त्याला बाजूला घेऊन दोन शब्द सांगितले. ते दोन शब्द पोरांकडून पंचांकडे गेले आणि पंचांकडून माइकवाल्याकडे.

सतरा नंबर. दयानंद स्टेजवर गेला आणि माइकवाल्यानं आवाज खाली आणला. या खेळाडूच्या वडिलांना जाऊन आज पंधरावा दिवस आहे, तो म्हणाला, तरी हा पठ्ठ्या मैदान सोडून गेला नाही. सगळं कार्यालय उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. मोबाइल वर झाले. दयानंदनं समोरून दोन्ही दंड दाखवले. हरभऱ्यात दाखवले होते तसेच. दिवे तोंडावर होते, अंगातली प्रत्येक शीर फुगलेली होती, जीभ टाळूला चिकटली होती, आणि इतकी माणसं त्याच्या बापासाठी टाळ्या वाजवत असताना तो मनात सेकंद मोजत होता, एक, दोन, तीन, आता पाठ.

चौथा आला. प्रमाणपत्र आणि एक ट्रॅकसूट मिळाला. यासेरभाईंनी पाठ थोपटली, पहिल्याच वेळेला चौथा म्हणजे थोडं नाही म्हणाले, आणि बिर्याणी मागवली. दयानंदनं पाण्याच्या दोन बाटल्या रिकाम्या केल्या. बिर्याणीकडं बघत बसला, पण खाल्ली नाही. चौदा आठवडे ज्या घासाची वाट बघितली तो समोर होता आणि त्याला आईचं ते बाजूला सारलेलं ताट आठवलं. पहिला घास तिच्यासमोर खायचा, असं त्यानं ठरवलं. हे ठरवताना त्याला जरा बरंही वाटलं.

सोमवारी दुपारी तो घरी पोचला तेव्हा मानेवरचा रंग पुरता निघाला नव्हता. ओसरीवर कुणी नव्हतं. दीपमाला सकाळीच हदगावला गेली होती. आई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. तिच्या शेजारी चुलत भावाचा मोबाइल पडलेला दिसला आणि दयानंदला कळलं. टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या कुणीतरी टाकलेला स्टेजवरच्या व्हिडिओचा तुकडा गावात सकाळीच फिरला होता.

तिनं वर बघितलं नाही. पाट सरकवला. ताटात तीन भाकरी वाढल्या, वरणाची वाटी ठेवली, मीठ ठेवलं, कांदा फोडून ठेवला. तो बसला. ओरडेल म्हणून वाट बघत राहिला. ओरडली असती तर सोपं होतं.

"त्या दिशी निंबाखाली," आई म्हणाली, "त्ये दुःखानं नव्हतं?"

"न्हाई."

"आनि कडू घासाला?"

"न्हाई, आई. स्पर्धेसाठी होतं."

तव्यावरची भाकरी तिनं उलटली. फुगू दिली, काढली. हात पिठानं भरलेला होता, तो तिनं लुगड्याला पुसला.

"तू सपर्धेपायी उपाशी," ती म्हणाली. "मी तुज्यापायी उपाशी. मंग त्यांच्यापायी घरात कोन उपाशी होतं?"

तेरा दिवस हे घर मर्तिकाचं घर म्हणून बसलं होतं, दीडशे माणूस जेवून गेलं होतं, आणि दगडोबासाठी कुणीच बसलं नव्हतं. तो माणूस बसस्टँडच्या बाकावर एकटाच गेला होता आणि घरी आणल्यावरही एकटाच राहिला. हे दयानंदच्या छातीत कुठंतरी जाऊन लागलं. पंधरा-सोळा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी लागलं, आणि ते इतकं जोरात लागलं की त्याला श्वास घ्यायला तोंड उघडावं लागलं.

"जेव," आई म्हणाली.

"तुझं ताट?"

"आज मी ऱ्हाते. आजचा दिस त्यांच्यासाठी."

त्यानं ताट पुढं ढकललं. मीपण राहतो म्हणाला. ते म्हणताना त्याचा आवाज फुटला, नाकातून पाणी यायला लागलं. आईनं ताट एका बोटानं परत त्याच्यासमोर आणलं. तिच्या आवाजात राग नव्हता.

"तुजं ऱ्हाऊ दे. तू लई दिस उपाशी हायेस, तुला दम निघायचा न्हाई. जेव तू."

ती उठून दारात जाऊन बसली, अंगणाकडं तोंड करून. दयानंद तिच्या पाठीकडं बघत राहिला. निर्धार करून बसला की आज काही झालं तरी हात लावायचा नाही. पण वरणाची वाफ नाकात जात होती, भाकरी अजून गरम होत्या, आणि ते अंग आता त्याचं ऐकत नव्हतं. त्यानं एक तुकडा मोडला. मग दुसरा. रडत रडत तो तिन्ही भाकरी जेवला.